घरची नानकटाई, शेजारची भट्टी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी तीनच्या सुमारास, सोलापुरात आमच्या गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन भट्टीकडे निघायच्या. पिशवीत मैदा, थोडा रवा, पिठीसाखर, फडक्यात बांधलेला तुपाचा डबा, कागदाच्या पुडीत वेलदोड्याची पूड आणि सोबत एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा. मी सांगतोय ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली. डबा धरायला म्हणून आई मला न्यायची.

भट्टीत गेलं की आधी परात मिळायची. आई भिंतीला टेकून बसायची आणि तूप-साखर तळहाताने फेसायला लागायची. तूप पांढरंशुभ्र आणि हलकं झालं की त्यातला एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा. तरंगला तर मैदा घालायचा. गोळे वळून पत्र्यावर मांडायचे. शेजारच्या बाईच्या पत्र्यात आपला माल मिसळू नये म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. आमच्या नानकटाईवर चारोळी, समोरच्यांच्या नानकटाईवर बेदाणा, कोणाच्या नुसता अंगठ्याचा ठसा. भट्टीवाले चाचा म्हणायचे, "वहिनी, जरा दम धरा, भट्टी अजून तापट आहे." मग लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकायचे. संध्याकाळी किलोच्या हिशेबाने मजुरी देऊन, ऊबदार डबा पोटाशी धरून, आम्ही घरी यायचो.

आमची आजी सोवळ्याची. हॉटेलातलं काही तिने आयुष्यात खाल्लं नाही. पावाला ती हात लावत नसे, आणि बिस्किटाचा पुडा तिच्या डब्यांच्या फळीवर ठेवलेला तिला खपत नसे. पण ही नानकटाई ती दुपारच्या चहाबरोबर आवडीने खायची. भट्टी एका मुसलमान कुटुंबाची होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा मी पोरवयाच्या आगाऊपणाने तिला हे विचारलंच. तिने घास संपवला आणि म्हणाली, "अरे, त्यात पाणी कुठंय?"

त्या वेळी मला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटली. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की भाजलेल्या गोड पदार्थांचा महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

तवा, निखारा आणि दशमी

सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्राचं नाव ज्या वाणाशी जोडलं गेलं ती मालदांडी इथली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते फुगवून, आत हवा कोंडून भाजता येत नाही. थापून तव्यावर टाकावं लागतं आणि मग विस्तवाशी धरावं लागतं. म्हणून इथल्या स्वयंपाकघरात तवा आणि चूल असली की भागत होतं. चारी बाजूंनी बंद भट्टी घरात असण्याचं कारण नव्हतं. भाकरी टिकवायची तर ती पातळ थापून, वाळवून कडक करायची. सोलापूरची कडक भाकरी आज पाकिटांतून परदेशी जाते, पण मुळात ती शिदोरीची युक्ती आहे.

याचा अर्थ आपल्याकडे भाजून गोड करण्याची कला नव्हती, असा नाही. ती प्रामुख्याने किनाऱ्यावर होती. कोकणात मोठ्या काकडीचा कीस, रवा आणि गूळ एकत्र करून धोंडस करतात. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, अशी ती शिजत-भाजत जाते. गोव्यात तिची बहीण तवसळी. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतली रवा-खोबऱ्याची 'बाथ' आणि थरावर थर भाजत नेलेली बेबिंका याच पद्धतीने होत असे. वर आणि खाली विस्तव, मध्ये भांडं: हीच घरगुती भट्टी. रव्याचा केक आपल्याकडे इंग्रजी पुस्तकातून आला असं मानायची पद्धत आहे. पण रवा, गोड आणि वरखाली विस्तव हे त्रिकूट किनाऱ्यावरच्या चुलींना चांगलंच माहीत होतं.

देशावर या कलेला आडवी येणारी गोष्ट निराळी होती. ती म्हणजे पाणी. सोवळ्याच्या हिशेबात पाण्यात शिजलेलं अन्न लवकर बाटतं, खरकटं होतं. कोरडं भाजलेलं, तुपात तळलेलं किंवा दुधात भिजवलेलं अन्न त्या मानाने निर्धोक. दशमी हे याचं उत्तम उदाहरण. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की तीच भाकरी किंवा पोळी प्रवासात चालते. पंढरपूरच्या वाटेवरच्या, तुळजापूरच्या यात्रेच्या शिदोऱ्यांत दशम्या असत त्या केवळ मऊ राहतात म्हणून नव्हे. त्या वाटेत कुठेही, कोणाच्याही ओसरीवर बसून खाता येत, हेही महत्त्वाचं होतं. आजीच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

पावाची भीती

पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर गव्हाचा फुगवलेला पाव आला, आणि तो फुगवायला तिथल्या पोदेरांनी माडाची ताडी वापरली. म्हणजे सोवळ्याच्या नजरेने पाहिलं तर पावात सगळीच पापं एकत्र आली होती. पीठ पाण्यात भिजवलेलं, ताडीने आंबवलेलं, आणि भाजणारा ख्रिस्ती किंवा मुसलमान. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही कथा कोकणापासून देशापर्यंत सांगितली जायची. ती जशीच्या तशी किती ठिकाणी घडली हा प्रश्न बाजूला ठेवू. पावाचा एक तुकडा माणसाची जात घालवू शकतो यावर लोकांचा विश्वास होता, एवढं तिच्यावरून नक्की कळतं.

म्हणूनच ज्यांना जात मोडायची होती त्यांनी हत्यार म्हणून पावच निवडला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंगांसारखी मंडळी तिच्यात होती. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा मात्र गुप्त. बंद दाराआड पाव खाणारी ही माणसं बाहेर आली की आपापल्या घरच्या पंक्तीला बसत. पुढे १८६०च्या सुमारास सभासदांची नावं फुटण्याची वेळ आली आणि सभा विरून गेली.

यानंतर तीस वर्षांनी पुण्यात तेच नाटक उघड्यावर झालं. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली, कोणी शिवलीही नाहीत. बोलावणं करणाऱ्यांत असलेल्या गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात फोडली. मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्याबद्दल सुधारक मित्रांचे बोल ऐकले. ते दिवस किती त्रासाचे होते हे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे.

या प्रकरणाची चर्चा नेहमी 'चहाचं प्रकरण' म्हणून होते. मला त्यातलं बिस्कीट जास्त बोलकं वाटतं. बिस्कीट हे तोवर 'त्यांचं' अन्न होतं. ते आपलं करून घेण्याची एक वाट व्यापाऱ्यांनी लगेचच शोधली. १८९८ साली दिल्लीत हिंदू बिस्कीट कंपनी निघाली, आणि आपला माल उच्चवर्णीय हिंदूंच्या हातचा आहे हीच तिची जाहिरात होती. म्हणजे बिस्कीट स्वीकारायचं, पण हात बदलायचे. आमच्या गल्लीतल्या बायकांनी नेमकं उलट केलं. त्यांनी हात तेच ठेवले आणि पदार्थ बदलला.

सुरतेहून सोलापूर

तो बदललेला पदार्थ म्हणजे नानकटाई. नावातला 'नान' फारसी, रोटीचा. 'खताई'चा संबंध चीनच्या जुन्या नावाशी लावतात. तिची जन्मकथा सुरतेची सांगतात. तिथल्या वखारीतल्या डच लोकांच्या भट्ट्या ते गेल्यावर पारशी कारागिरांकडे आल्या. गिऱ्हाईक म्हणून युरोपियन उरले नाहीत, आणि स्थानिक लोक ताडी आणि अंडं घातलेला माल घेईनात. तेव्हा ताडी गेली, अंडं गेलं, उरलं ते पीठ, साखर आणि तूप. सुरतेतलं दोटीवाल्यांचं नाव या कथेशी जोडलेलं आहे. कथेतला प्रत्येक तपशील खरा असो वा नसो, तिचा गाभा पटण्यासारखा आहे. कोणीतरी भट्टीतून एकेक अडचण काढून टाकत गेलं आणि शेवटी कोणाच्याही सोवळ्यात बसेल असा पदार्थ हाती लागला.

कारण नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो. तिची चवही त्यावरच अवलंबून आहे. मैद्याला पाणी लागलं की त्यात चिवट धागे तयार होतात. पावाला ते हवेच असतात. इथे तूप प्रत्येक कणाला आधीच माखून टाकतं, धागे होतच नाहीत, म्हणून ती तोंडात विरघळते आणि वरून तडकते. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा आणि चिमूटभर सोडा. पाणी घातलं तर धर्म बुडेल की नाही ते शंकराचार्य जाणोत, नानकटाई मात्र नक्की बुडेल.

सोलापुरात हे सगळं यायला रस्ता तयार होता. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० साली सोलापुरापर्यंत पोचली. त्याआधी इथे इंग्रजांची छावणी होती. लष्कर आणि सदर बझार या वस्त्यांची नावं तिची आठवण देतात. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. तेलुगू पद्मशाली विणकर, कन्नड लिंगायत व्यापारी, मराठी आणि दखनी बोलणारे कामगार एका गावात राहू लागले. छावणी, रेल्वे आणि पाळ्यांवर चालणाऱ्या गिरण्या जिथे आल्या, तिथे पाव लागलाच. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाला भाकरी थापून देणारं कोणी घरी असेलच असं नव्हतं. त्याला चहा आणि पाव परवडायचा. पाव म्हणजे भट्टी आली.

आता भट्टीचं गणित बघा. विटांच्या घुमटाकार भट्टीत लाकडं पेटवायची, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. पावाला सव्वादोनशे अंशांच्या आसपास धग लागते, आणि तो रात्री-पहाटे भाजला जातो. त्यानंतर भट्टी थंड व्हायला तासन् तास लागतात. दुपारी ती एकशेसाठ-एकशेऐंशी अंशांवर येते. या धगीत पाव होत नाही, पण नानकटाई उत्तम होते. आणखी उतरली की त्यात कालच्या पावाचे टोस्ट वाळवायचे. म्हणजे बायका दुपारी तीनला जायच्या ती वेळ त्यांच्या सवडीची होतीच, पण भट्टीच्याही सवडीची होती. जी ऊब एरवी वाया गेली असती ती किलोच्या मजुरीवर विकली जात होती. "भट्टी अजून तापट आहे," हे चाचांचं वाक्य या सगळ्या हिशेबाचं सार होतं.

घरचं तूप, घरचं पीठ, आपल्या हाताने मळलेलं, पाण्याविना. परक्याचा फक्त अग्नी. आणि अग्नी तर कधी बाटत नाही. परमहंस सभेला जे बंद दाराआड करावं लागलं, पंचहौदाच्या मंडळींना ज्यासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, त्याच्या जवळपासचं काहीतरी या बायका भरदुपारी, डबे वाजवत, रांगेत बसून करत होत्या. त्यासाठी त्यांना कोणी सुधारक म्हटलं नाही. त्यांनाही तसं वाटलं नसणार.

याचं उगाच गोडगोड चित्र मात्र रंगवायला नको. चाचा दिवाळीचा फराळ न्यायला घरी यायचे तेव्हा आजी त्यांना चहा वेगळ्या कपात द्यायची. तो कप कोनाड्यात निराळा असायचा. पाणी आलं की नियम परत यायचा. त्यांची नानकटाई चालायची, त्यांच्या हातचं पाणी चालायचं नाही. आईने तो कप कधी मोडीत काढला मला आठवत नाही. भांडण झालं नाही, एवढं आठवतं. एक दिवस कोनाडा रिकामा होता आणि चाचा आमच्याच कपातून चहा पीत होते.

वाळूवरचा केक

केक ही पुढची पायरी, आणि ती बाहेरच्या भट्टीत चढली गेली नाही. केकचं पीठ पातळ असतं, सोडा घातल्यावर फार वेळ थांबता येत नाही. भट्टीकडे नेईपर्यंत फुगलेलं बसून जातं. म्हणजे तो घरातच भाजायला हवा. पण तोवर घरांतून निखारे गेले होते. शेगडीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅस आला. खालून ज्योत मिळाली, वरचा विस्तव गेला.

यावर उपाय सापडला तो वाळूचा. जाड कढईत दोन बोटं वाळू घालायची, पंधरा मिनिटं तापवायची, त्यावर एक रिंग, रिंगेवर केकचा डबा आणि वर जड झाकण. वाळू ज्योतीचा चटका पसरवते आणि धरून ठेवते. हे ज्ञान कुठल्या इंग्रजी पुस्तकातलं नाही. चुरमुरे-फुटाण्यांच्या भट्टीवर भडभुंजे पिढ्यान् पिढ्या तापल्या वाळूत धान्य फोडत आले आहेत. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत ते कोणीही पाहू शकतं. काही घरांत वाळूऐवजी मीठ असायचं, काही घरांत शिट्टी आणि रिंग काढलेला, पाणी न घातलेला कुकर. वरून धग नसल्यामुळे या केकचा माथा कायम फिकट राहायचा. म्हणून तो उलटा करून, तांबूस बूड वर ठेवून, ताटात यायचा. माझ्या पिढीच्या कित्येकांना केकचा वरचा भाग कोणता हे बरीच वर्षं उलटंच माहीत होतं.

दुसरी अडचण मापाची. इंग्रजी पाककृती पौंड आणि औंसात, आणि घरात तराजू नाही. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा हे माप मराठी घरांत पक्कं केलं. भाजणीच्या पदार्थांत प्रमाण चुकलं की सगळंच चुकतं, त्यामुळे वाटीचा फायदा तिथे जास्त झाला. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की वाटी लहान की मोठी याने फरक पडत नाही.

तिसरी अडचण अंड्याची. अंडं केक फुगवतं आणि बांधूनही ठेवतं. ते घरात चालत नसेल तर दोन्ही कामं दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवीत. फुगवायला खाण्याचा सोडा आणि आंबट दही. दोघं भेटले की वायू सुटतो. बांधायला आटीव दूध, किंवा तेवढे पैसे नसतील तर रवा. रवा दह्यात तासभर फुगत ठेवला की तोच सगळं सावरून धरतो. रव्याचा केक सोलापूरसारख्या गावात इतका रुळला तो यामुळे. तो गरिबाचा केक नव्हता, अडचणींना उत्तर देत देत तयार झालेला केक होता.

तरी वाढदिवसाला एक अडचण उरलीच. आपल्याकडे वाढदिवसाला दिवा लावतात. फुंकून विझवत नाहीत. आमच्या घरी तोड निघाली ती अशी: आधी निरांजनाने औक्षण, मग रव्याच्या केकवर सुरी, आणि मेणबत्ती नाहीच. पुढे मेणबत्ती आली तेव्हा आजी खोलीतून उठून जायची. केक मात्र मागून घ्यायची. त्यातही दही होतं, पाणी नव्हतं.

आता

सोलापूरच्या जुन्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पाळ्यांचे भोंगे गेले. घरोघरी छोटे विजेचे ओव्हन आले, आणि २०२०च्या टाळेबंदीत तर मोबाइलवर बघून केक न केलेलं घर विरळा. आज अनेक बायका घरातून केक करून विकतात. गिरणीचा पगार गेलेल्या गावात हा पैसा लहान नाही. त्यांच्या केकचा माथा फिकट नसतो आणि तो उलटा करावा लागत नाही. लाकडाच्या भट्ट्यांचे दिवसही भरत आले आहेत. मुंबईत २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या दुसऱ्या इंधनावर न्यायला सांगितलं. धूर कोणाला हवा आहे? ते योग्यच झालं.

पण भट्टीबरोबर रांगही गेली. आणि अलीकडे, बऱ्याच वर्षांनी, "कोणाच्या हातचं आहे?" हा प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला आहे, आणि तो सोवळं म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या, पिझ्झा मागवून खाणाऱ्या माणसांकडून येतो. आजीचे नियम मला कधी पटले नाहीत. पण तिच्या नियमांत एक फट होती, ती तिला माहीत होती, आणि त्या फटीतून तिने अख्खी भट्टी घरात येऊ दिली. आजच्या प्रश्नाला तेवढीही फट नाही.

गेल्या दिवाळीत मी घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई केली. एकशेसत्तर अंश, वीस मिनिटं, काटेकोर. चांगली झाली. आई एक खाऊन म्हणाली, "छान आहे. चारोळी कशाला लावलीस? आता कोणाच्यात मिसळणार आहे?"